उन्हाळी आणि घरांतील औषधांचा डबा

प्रस्तुत विषय शिष्टाचारास थोडा सोडून आहे असें कोणास वाटल्यास आमचा नाइलाज आहे. ज्या दुखण्याचें नांव चारचौघांत घेतां येत नाहीं, त्यावरील उपाय चोरून होतो, आणि चोरून केलेला उपाय बहुधा अर्धवट राहतो. लघवीस जळजळ होणें, ती वरचेवर व थेंब थेंब होणें, यास 'उन्हाळी लागली' असें म्हणून धन्याजिऱ्याचें पाणी देण्याची आपल्याकडे चाल आहे. पाणी भरपूर पिणें हिताचेंच. परंतु नांवावरून हा निव्वळ उष्णतेचा विकार असा समज होतो, तो खरा नव्हे. बहुतेक वेळीं त्याच्या मुळाशीं एक जंतु असतो. थिओडोर एशेरिख यांनीं १८८५ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून त्यास 'एशेरिकिया कोलाय' म्हणतात. आपणां सर्वांच्या आंतड्यांत तो बहुधा निरुपद्रवीपणें नांदतो. मूत्रमार्गांत शिरला म्हणजे मात्र पीडा देतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा दीड इंच लांब, त्यामुळें हें दुखणें त्यांच्या वांट्यास अधिक.

गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं घडलेली हकीकत सांगतों. धाकट्या सूनबाईंस हा त्रास सुरू झाला. सासूबाईंपाशीं बोलण्याची लाज, डॉक्टरांपाशीं त्याहून अधिक. फडताळांतील डब्यांत आमच्या मागील दुखण्यांतून उरलेल्या गोळ्या होत्या. त्यांपैकीं तीन त्यांनीं घेतल्या. बरें वाटलें. तीन आठवड्यांनीं थंडी वाजून ताप भरला, कंबरेंत एका बाजूस असह्य कळ उठली. विकार मूत्रपिंडापर्यंत पोंचला होता. लघवीच्या तपासणीचा कागद आला, त्यांत औषधांची भली मोठी यादी व बहुतेकांपुढें 'जंतु दाद देत नाहीं' अशी खूण. तोंडानें देण्याजोगें एकही औषध उरलें नव्हतें. दहा दिवस शिरेवाटे औषध द्यावें लागलें. त्या गोळ्या डब्यांत जपून ठेवणारे आम्हीच, हें लिहितांना संकोच वाटतो.

औषध मूत्रमार्गापुरतें थांबत नाहीं. आंतड्यांतील जंतूंसही तें पोंचतें. त्यांतील दुबळे मरतात, चिवट तेवढे उरतात व मोकळ्या जागेंत फैलावतात. अनुकूल स्थितींत त्यांची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. शिवाय हा चिवटपणा केवळ संततीस मिळतो असें नाहीं. जंतु तो शेजारच्या परजातीय जंतूसही देऊन टाकतो. आपल्याकडील कोणत्याही दत्तकविधानास इतकें औदार्य साधलेलें नाहीं!

याचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. दिल्लीच्या रुग्णालयांत राहून स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या गृहस्थाच्या लघवींत २००८ सालीं 'क्लेब्सिएला' नामक जंतु सांपडला. कार्बापेनेम वर्गांतील औषधें, म्हणजे वैद्यांच्या भात्यांतील जवळजवळ अखेरचे बाण, तींही तो निष्प्रभ करीत असे. ज्या द्रव्याच्या बळावर तो हें करी, त्यास पुढील वर्षीं नवी दिल्लीचें नांव देण्यांत आलें. त्यावरून आपल्याकडे मोठें वादंग माजलें. वाद नांवाचा झाला. गोळ्या मात्र चिठ्ठीवांचून मिळतच राहिल्या. मार्च २०१४ पासून अशा अनेक औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदारानें तीन वर्षें ठेवावी असा नियम आहे. परंतु फडताळांतील डब्यास कोणता नियम लागणार?

सर्वच औषधें निकामी झालीं आहेत असें मात्र नव्हे. १९५३ पासून प्रचारांत असलेलें नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरत्या साध्या विकारांत अद्यापि पुष्कळांस गुण देतें. मूत्रपिंड बाधल्यावर तें उपयोगी नाहीं. कोणतें चालेल हें तपासणीनें ठरतें. त्यासाठीं पहिली मात्रा घेण्यापूर्वींच, आरंभींची धार सोडून मधली लघवी स्वच्छ बाटलींत घेऊन लागलीच पाठवावी. जंतु वाढवून निर्णय देण्यास दोन-तीन दिवस लागतात. तोंवर काय घ्यावें तें डॉक्टर सांगतील. वृद्धांच्या लघवींत कांहीं त्रास नसतांही जंतु आढळतात. तेवढ्यावरून औषधाचा हट्ट धरूं नये. गरोदर स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्यांस त्रास नसला तरी उपचार अवश्य आहेत.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं सूनबाईंस वाचून दाखविला. त्यांनीं संमति दिली. मात्र गोळ्या तीन नव्हे, चार घेतल्या होत्या, एवढी दुरुस्ती सांगितली.