सही बारीक होत गेली तेव्हा...

अंबरनाथच्या आमच्या बचत गटाचं एक जाड रजिस्टर आहे. महिन्याची वर्गणी भरली की नावापुढे सही करायची. एकदा हिशेब जुळेना म्हणून मी मागची पानं उलटत बसले होते, तर एका काकूंच्या सहीपाशी हात थांबला. वर्षभरापूर्वी त्यांची सही चांगली ऐसपैस होती, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपटीसुद्धा. मग महिन्यागणिक ती आकसत गेलेली. ताज्या पानावर तर मुंगी चालून गेल्यासारखी रेघ.

काकूंना आम्ही सगळ्याजणी पाहत होतोच की! पाय फरफटत चालायच्या. खुर्चीतून उठताना दोनदा झोके घ्यायच्या. आल्याआल्या सगळ्यांची फिरकी घेणारी बाई गप्प झाली होती, चेहरा कोरा. सुनेला वाटे, सासूबाई रुसल्यात. काका म्हणत, वय झालं आता. आणि समाजकार्य करते म्हणवणारी मीसुद्धा मान डोलावून तेच म्हणाले होते. काकूंचं वय तेव्हा अवघं बासष्ट.

त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं. अंबरनाथहून मुंबईची गाडी पकडायची म्हणजे धडधाकट माणसाची परीक्षा. काकूंचा पाय फलाटावरून उचलेचना, म्हणून शेवटी टॅक्सी केली. डॉक्टरांनी चालवून पाहिलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’’ सुनेनं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात रक्तदाबाची गोळी होती, कॅल्शियम होतं, चक्कर येऊ नये म्हणून सिनारिझिन होती आणि ‘गॅसची’ कॅप्सूल होती. त्या कॅप्सूलच्या पाकिटावर दुसरं नाव बारीक अक्षरात होतं, लेव्होसल्पिराइड. चक्करेची गोळी दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली. बरं वाटलं म्हणून काकू औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवून नवी आणत राहिल्या. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ‘‘या दोन्ही गोळ्या डोपामिनच्या वाटेत उभ्या राहतात.’’

डोपामिन हा शब्द मी तोवर मोबाइलवरच वाचला होता, आनंदाचं रसायन म्हणून. ते अर्धवटच आहे. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथून डोपामिन निघतं आणि हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या भागात पोचतं. ऊठ, पाऊल टाक, कुंकू लाव, अशी साधी कामं त्याच्याशिवाय सुरळीत होत नाहीत. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, या पेशी हळूहळू मरतात. लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. काकूंच्या बाबतीत मात्र पेशी नव्हे, कुलूप अडलं होतं. डोपामिनची किल्ली जिथे बसायची, तिथे गोळीच जाऊन बसली होती.

औषधानं असा आजार उभा राहतो, हे काही आज कळलेलं नाही. यात आपल्या मुंबईचाही धागा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि आपली ही मुळी जगभर पोचली. तिच्यातून रेसरपिन हे औषध निघालं. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदासी येई, काहींना कंपवातासारखा ताठरपणा. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं, तर ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचलं आणि ते पुन्हा हलू लागले. रेसरपिन मेंदूतलं डोपामिन रितं करतं, हे त्यातून उलगडत गेलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. जेम्स पार्किन्सन यांनी हा आजार १८१७ मध्ये वर्णिला होता. त्यातलं डोपामिनचं रहस्य कळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली, आणि आपण मात्र ‘वय झालं’ म्हणून एका वाक्यात मोकळ्या होतो!

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बाईला चक्कर येते ती का? सकाळी चारला उठून तिनं डबे भरलेले असतात. सगळ्यांचं झाल्यावर, दुपारी दोनला उरलेलं खाल्लेलं असतं. त्यात सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. रक्त कमी, पित्त कायमचं. याची तपासणी करायला कुणाला वेळ नाही, तिला स्वतःलाही नाही. मग चक्करेला एक गोळी, गॅसला एक कॅप्सूल, आणि त्याच गोळ्या शेजारणीलाही, ‘‘घे गं, मला लागू पडली!’’ म्हणून. बदलापूरच्या एका वस्तीत मी सहज विचारलं, तर फळीवरच्या डब्यात सगळ्यांची मिळून एक पट्टी होती, तिखटमिठासारखी. कान, मान, रक्तदाब, साखर, ॲनिमिया अशी चक्करेची कारणं दहा असतात. महिनोन्‌महिने एकच गोळी हे त्याचं उत्तर नव्हे.

याचा अर्थ डोपामिन अडवणारी सगळी औषधं वाईट, असं मुळीच नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ते मुद्दाम अडवावं लागतं. अशा रुग्णाची गोळी घरच्यांनी परस्पर बंद केली तर संसार उघड्यावर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कंपवाताचं औषधही एका दिवसात थांबवणं धोक्याचं असतं. प्रश्न गोळी चांगली की वाईट हा नाहीच. ती कशासाठी आणि किती दिवस, हे घेणाऱ्या बाईला माहीत आहे का, हा आहे.

उल्हासनगरात माझी एक सिंधी मैत्रीण आहे, मी तिला दादी म्हणते. तिच्या यजमानांना खराखुरा कंपवात आहे. त्यांची सुरुवात उजव्या हातापासून झाली. हात मांडीवर निवांत असतानाच अंगठा गोळी वळल्यासारखा हलायचा. (कप उचलतानाच हात थरथरला तर तो बहुतेकदा वेगळा विकार असतो, लगेच घाबरू नका.) दादीला लेव्होडोपाचं गणित आता तोंडपाठ आहे. डोपामिन थेट दिलं तर मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याचा कच्चा माल द्यायचा. तो वाटेतच खर्च होऊ नये म्हणून जोडीला कार्बिडोपा. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण पनीर-डाळीतली प्रथिनं आत शिरताना तिच्याशी धक्काबुक्की करतात. गोळीला उशीर झाला की दादा दारात खिळल्यासारखे उभे राहतात. मध्यंतरी दुसरं एक औषध वाढवल्यावर ते लॉटरीची तिकिटं आणू लागले, पैसे लपवू लागले. दादी लाजेनं गप्प राहिली. डॉक्टरांना सांगितल्यावर कळलं, तोही गोळीचाच परिणाम. डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांनी असा नाद लागू शकतो. त्यांनी डोस उतरवला.

आपल्या डोंगरउतारांवरच्या खाजकुयलीच्या बियांमध्येही लेव्होडोपा असतं. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून कुणी बिया कुटून चूर्ण देऊ नये. किती दिलं ते मोजता येत नाही आणि चालू गोळीत भर पडते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी मुंबईतली २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ यांची चौकशी जरूर करावी. दादीला निम्मा धीर तिच्यासारख्याच बायकांशी बोलून आला.

काकूंच्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. पहिला महिना काहीच फरक नव्हता, सून रडकुंडीला आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही महिने लागतात, आणि काहींच्यात आतला कंपवातच अशा गोळीनं उघडा पडतो, म्हणून लक्ष ठेवायचं. चौथ्या महिन्यात काकू आपण होऊन खुर्चीतून उठल्या. चक्कर येते अजून अधूनमधून. तपासणीत रक्त कमी निघालं, त्यावर उपचार चालू आहेत. परवाच्या सभेत त्यांनी माझ्या नव्या साडीवरून सगळ्यांसमोर माझी फिरकी घेतली.

पुढच्या महिन्यात वर्गणीबरोबर प्रत्येकीनं आपली गोळ्यांची पिशवीही आणायची, असं ठरलंय. ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई तासभर येते म्हणाल्यात. काहीजणी आत्ताच कुरकुरताहेत, ‘‘आमच्या गोळ्या कशाला चारचौघीत?’’ रजिस्टर मात्र मी घरी आणून ठेवलंय. बाकीच्यांच्या सह्या अजून बघायच्या आहेत.