माहेरचं जंगल

आम्ही बोरिवलीकर 'संजय गांधी राष्ट्रीय उद्यान' असं पूर्ण नाव कधी घेतच नाही. फक्त 'नॅशनल पार्क'. बंगळुरूला येऊन मला १४ वर्षं झाली, तरी माहेर म्हटलं की घराआधी मला ते गेट आठवतं. १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, त्यात बिबटे, आणि बाहेर आलं की समोर हायवे!

या डिसेंबरात लेकीला घेऊन गेले. बाबा म्हणाले, "कान्हेरीपर्यंत चालत जायचं. मीही येतो." वय ७७, गुडघ्यांची तक्रार वेगळीच. मी आतल्या बसचं नाव काढलं, तर ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

रस्ता साधारण सहा किलोमीटरचा, डांबरी. सकाळी लवकर निघालो म्हणून बरं. अर्ध्या वाटेवर बाबा थांबले. दम लागला म्हणून, असं मला वाटलं. ते उतारावरच्या वाळक्या काटक्यांकडे बघत होते. कारवी. आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. इथे ती २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला. २०१६ च्या पावसाळ्यात आई-बाबा दोघं मिळून ती जांभळी टेकडी बघायला आले होते. २०२४ ला आई नव्हती. बाबा आलेच नाहीत.

"आजोबा, परत कधी फुलणार?" लेकीनं विचारलं.

"२०३२ ला. तेव्हा मी ८४ चा," बाबा म्हणाले. मला काय बोलावं सुचेना. लेक मात्र आपलं वय मोजत बसली: "मी अठरा!"

कान्हेरीच्या पायऱ्यांपाशी बाबांनी स्वतःच बसकण मारली. "तुम्ही जा वर." आम्ही गेलो. १०९ लेणी एका दिवसात बघून होत नाहीत, तो हट्ट करूच नका. तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि उभा बुद्ध निवांत बघा. मग पाण्याची टाकी शोधा. भिक्षूंनी काळ्या खडकात पन्हळी खोदून पावसाचं पाणी लेण्यालेण्याशी साठवलं होतं. आमच्या बंगळुरूच्या सोसायटीत टँकर येतो, त्यामुळे लेकीला बुद्धापेक्षा ही टाकीच जास्त आवडली.

(तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा. प्यायचं पाणी जवळ ठेवा, आणि खाऊ पिशवीच्या तळाशी. माकडांना चेनसुद्धा उघडता येते.)

खाली आलो तर बाबांनी मीठ-मसाला लावलेल्या काकड्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि बसच्या रांगेत आमचा नंबरही लावला होता. बसमध्ये त्यांनी खिडकी धरली. कारवीचा उतार आला तेव्हा लेकीला कोपरानं ढोसून म्हणाले, "खाली बघ, मुळाशी. हिरवं दिसतंय ना? ती नवी रोपं."