खुंटीवरची बंदूक

चेखॉव्हचा तो नियम नाटकाच्या तासाला सांगावाच लागतो. भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली असेल तर पुढे ती उडाली पाहिजे. उडणार नसेल तर ती टांगूच नये. 1889 सालच्या एका पत्रात त्याने हा विचार मांडला आणि तेव्हापासून जगभरचे साहित्याचे अध्यापक तो रचनेतील काटकसरीचे उदाहरण म्हणून सांगत आले आहेत. मीही सांगत आलो. काही वर्षांपूर्वी मारेगावच्या वर्गात हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, आमच्या आबाजीची बंदूक चाळीस वर्षं खुंटीवर होती. कोणावरच उडाली नाही. मग ती टांगलीच नसती पाहिजे का?" वर्ग हसला. नाटक वेगळे आणि घर वेगळे, असे काहीतरी उत्तर मी दिले. ते बरोबर होते आणि निरुपयोगीही.

त्या बंदुकीला पाहायला मी पुढे दोनदा गेलो. आयुध निर्माणीची बारा बोअरची दुनळी. आबाजींनी ती सत्तरच्या दशकात पीकसंरक्षणासाठी रीतसर परवाना काढून घेतली. पाहणाऱ्याला तीत सुंदर म्हणावे असे काही नाही. नक्षी नाही, चांदीचे काम नाही. दस्त्याचा एक कोपरा कधीतरी तडकला, तेव्हा गावच्या सुताराने सागाचा तुकडा बसवून दिला. मूळ लाकडाचा आणि सागाचा रंग जुळलेला नाही. पण आबाजी ती कुलूपबंद कपाटातून काढतात, नळी मोडून दोन्ही भोके रिकामी असल्याची खात्री करतात, ती दाराच्या उजेडाकडे धरून आतून पाहतात आणि मग पाहुण्याच्या हातात देतात. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येते त्याला सौंदर्यानुभव याखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. आणि तो शब्द वापरताना मला अवघडल्यासारखे होते, हेही इथेच सांगून टाकतो.

आपल्याकडे या अनुभवाचे स्पष्टीकरण दोन ठरीव वाटांनी दिले जाते. पहिली वाट कारागिरीची. वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती दस्त्याच्या बंदुका पाहून आपण हरखतो. पण हा प्रेक्षकाचा आनंद आहे, मालकाचा नव्हे. जुन्या दमास्कस पद्धतीच्या नळ्यांचेच पाहा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकजीव करून त्या घडवीत; आम्लाचा हात फिरवला की पृष्ठभागावर लाटा उमटत. नळीवरचे याहून देखणे काम क्वचितच सापडेल. पण आजच्या धूरविरहित दारूचा जोर या नळ्यांना बेभरवशाचा ठरतो, म्हणून जाणकार त्यांतून बार काढीत नाहीत. ती भिंतीची शोभा झाली. आबाजींना अशा बंदुकीचे छायाचित्र दाखवले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वाजते का?"

दुसरी वाट हिंसेच्या सुप्त आकर्षणाची. ती आम्हा साहित्यवाल्यांना अधिक प्रिय, कारण तीत थोडे मानसशास्त्र आणि थोडे नैतिक समाधान एकदम मिळते. या वाटेनेही मला आबाजींपर्यंत पोचता आलेले नाही. या भागात कापूस आणि तूर पेरणाऱ्याला रोही आणि रानडुक्कर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पीक नासणाऱ्या या प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याची तरतूद शासनाने 2015 मध्ये केली. परंतु अर्ज, पंचनामा, परवानगी एवढे होईतो कळप पुढच्या शिवारात गेलेला असतो. आबाजी जागलीला जात तेव्हा वर्षातून पाच-सहा बार काढीत, तेही आभाळाकडे. "माराले नाही सर, हाये हे समजाले हाये," असे ते म्हणाले. बंदूक आहे हे डुकरांना समजावे, रात्री धुऱ्यावरून जाणाऱ्यांना समजावे, आणि कदाचित स्वतः आबाजींनाही समजावे.

इथे भाषेकडे वळतो. मराठीत शस्त्राचे सगळे सौंदर्य तलवारीने घेतले आहे. तलवारीला नाव असते. भवानी हे त्यांतले सर्वांत मोठे. तलवार गाजते, तळपते, म्यान होते. बंदुकीच्या वाट्याला काय आले? दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा डाव, फुसका बार, फार तर लग्नाचा बार उडवणे. म्हणजे कपट, फजिती किंवा नुसता आवाज. शब्दही सगळे बाहेरून आलेले: बंदूक अरबी-फारसीतून, तोफ तुर्कीतून, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून. लांबून मारणाऱ्या हत्याराबद्दल आपल्या वीरकल्पनेला आधीपासूनच संकोच असावा. नाव मिळाले ते तोफांना: जंजिऱ्याची कलालबांगडी, देवगिरीची मेंढा, विजापूरची मुलूखमैदान. पण तोफ व्यक्तीची नसते, राज्याची असते, आणि राज्य गेले की तिला कोणी वाली राहत नाही. मुलूखमैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे तिचे मुख हा ओतकामाचा अजोड नमुना आहे. तीच तोफ 1854 मध्ये लिलावाला निघाली आणि बोली आली दीडशे रुपयांची. ही विक्री पुढे रद्द झाली म्हणून आज ती आपल्याला पाहायला मिळते. सिंहमुख तेच होते, ओतकाम तेच होते. नव्हता तो फक्त मालक.

माझा मुद्दा इथे आहे. बंदूक मालकाला सुंदर दिसते ती बंदूक म्हणून नव्हे, तर 'माझ्या नावावरची' म्हणून. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळे. लढाईत दोघे शेजारी असत. पण घोडा पडला तर शिलेदाराचे घर बुडे. आपल्या हत्याराकडे तो ज्या डोळ्यांनी पाहत असेल, ते डोळे बारगिराला कुठून यावेत? 1878 च्या शस्त्र कायद्याने या नात्याला आणखी एक पदर जोडला. सर्वसाधारण हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना; काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव झाले. बंदूक घरात असणे म्हणजे सरकारने विश्वास टाकलेला माणूस असणे, असा अर्थ तेव्हापासून तिला चिकटला. 1959 च्या कायद्याने राज्यकर्ते बदलल्याची नोंद घेतली, परवाना मात्र राहिला. आबाजींच्या ट्रंकेत परवान्याचे पुस्तक आहे. त्यातले जुने छायाचित्र, नूतनीकरणाचे एकावर एक शिक्के, बंदुकीचा क्रमांक हे सारे ते बंदुकीइतकेच जपून दाखवतात. सातबारा दाखवताना मी त्यांना असे पाहिलेले नाही. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा असतो.

जिम कॉर्बेटची रिग्बी रायफल प्रसिद्ध आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण 1907 मध्ये मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली, आणि तसे सांगणारी चांदीची पट्टी तिच्या दस्त्यावर बसवलेली आहे. ती पट्टी काढून घेतली तर रायफलीच्या नेमात तसूभर फरक पडणार नाही. तरी ती रायफल 'ती' राहणार नाही. सागाचा तो न जुळणारा तुकडा ही आबाजींची पट्टी आहे.

सौंदर्यशास्त्राचा पेपर शिकवणाऱ्यांना इथे कांट आठवेल, आणि आठवावाच. निर्हेतुक आस्वाद ही त्याची अट बंदुकीपाशी पार मोडते. तिचा हेतू तिच्या आकारातच आहे. हेतूवर अवलंबून असलेल्या सौंदर्याचीही सोय कांटने केली आहे, पण मग मान्य करावे लागेल की मारण्यास योग्य तीच सुंदर. आबाजींची बंदूक या दोन्ही घरांत बसत नाही. हेतू तीत पूर्ण शाबूत आहे आणि रोज पुढे ढकलला जातो आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांमधला जो ताण दाखवला, तो मला पुस्तकापेक्षा त्या ओसरीवर अधिक नीट कळला. ज्या दिवशी बार उडतो त्या दिवशी नळीत काजळी बसते. मग गजाला चिंधी गुंडाळून, शिलाई मशीनचे तेल घालून ती काढत बसावे लागते. घरातले इतर प्रत्येक अवजार, वखर असो की विळा, वापराने झिजून हाताला बसते आणि देखणे होते. हे एकच असे की ज्याचे देखणेपण न वापरण्यात राखावे लागते. खंडेनवमीला ते सर्वांच्या रांगेत असते. हळदकुंकू त्यालाही लागते.

असो. इथवर मी मालकाच्या बाजूने बोललो. त्या घरात आणखी एक व्यक्ती आहे, आणि तिचे मत वेगळे आहे. काडतुसांच्या पेटीची किल्ली आबाजींच्या पत्नीकडे असते. ती त्यांनी लग्नानंतर लगेच घेतलेली नाही. कापसाची दोन-तीन साले लागोपाठ बुडाली तेव्हा मागून घेतली. कारण कोणी बोलले नाही, आणि या जिल्ह्यात ते बोलावे लागत नाही. "माही सवत हाये ते," बंदुकीकडे न पाहता त्या मला म्हणाल्या. त्या हसत होत्या. मला हसता आले नाही. आबाजींना जो भरवसा त्या नळीत दिसतो, त्याच्या जागी त्यांना काय दिसत आले असेल? मालकाच्या डोळ्यांना दिसणारे सौंदर्य खरे आहे असे मी मानतो. पण ते टिकवायला कोणीतरी किल्ली कनवटीला बाळगून जागे राहिलेले असते, आणि आमच्या मीमांसेत त्या व्यक्तीला जागा नाही.

वाघिणीलाही नाही. 2018 मध्ये शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेल्या अवनीचा शोध चालू होता. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात बाहेरून बोलावलेल्या शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली. पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे चहाच्या टपऱ्यांवर दोन पक्ष होते, आणि दोन्ही पक्षांत रायफलीबद्दल बोलणारे होते: किती लांबून मारते, किती किमतीची आहे. आबाजींनी विचारले ते एवढेच, "बंदूक त्याच्या घरची, का सरकारनं देल्ली?" तेव्हा मला तो प्रश्न भलताच वाटला होता. शिलेदार-बारगिराचा भेद त्यांच्या मनात न वाचताही होता, हे उशिरा लक्षात आले. उत्तर देण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. मात्र वाघिणीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि तिचे दोन बछडे जंगलात उरले होते याबद्दलही नाही. व्यंकटेश माडगूळकर हाती बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे बंदूक ठेवून रान पाहत राहिले. आपल्या गद्याला त्या बदलाने किती दिले ते आपण वर्गात सांगतोच. मालकीच्या सौंदर्यातून असा बदल आपोआप घडत नाही, एवढे मला त्या ओसरीवर दिसले.

निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा ही वेळ आली. दोन्ही वेळा आबाजी ती धुतलेल्या धोतराच्या पानात गुंडाळून, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, आडवी मांडीवर घेऊन गेले. पावती त्यांनी परवान्याच्या पुस्तकात ठेवली. परत आणल्यावर दोन दिवस ते तेलपाणी करीत बसले. ठाण्यात तिला काही झालेले नव्हते. मुलगा पुण्याला असतो. वारसाच्या नावे परवाना करून घेण्याची तरतूद आहे, पण त्याला बंदूक नको आहे. फ्लॅटमध्ये ती ठेवणार कुठे, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. नातवाने अजून काही सांगितलेले नाही. भिंतीवरची खुंटी तशीच आहे. बंदूक कपाटात गेल्यापासून आबाजींच्या पत्नी तिच्यावर पुढल्या पेरणीच्या ज्वारीची कणसे टांगतात.