कल्पित हॉल्ट, खरी भूमि

घरांतील प्रौढ माणसांनीं खेळण्यांत वेळ घालवावा काय, असा प्रश्न हा लेख पाहून आमच्या कित्येक सुज्ञ वाचकांच्या मनांत उद्भवेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, खेळणें आणि प्रतिकृति यांत भेद आहे. खेळणें हातीं घेऊन मूल आपल्या मनांतील सृष्टि त्यावर लादतें. प्रतिकृति करणारास मात्र प्रत्यक्ष सृष्टीपुढें नमावें लागतें. फळीच्या एका तुकड्यावर आगगाडीचा लहानसा खेडवळ हॉल्ट उभारावयाचा म्हटलें, म्हणजे गणित, भूगोल, सुतारकाम व इतिहास या सर्वांची गांठ एके ठिकाणीं पडते. आजोबा आणि नात यांनीं एकाच मेजाशीं बसून करण्याजोगे उद्योग आजकाल थोडे उरले आहेत. त्यांपैकीं हा एक आहे, म्हणून या महिन्यांत आम्ही तो विषय घेतला.

ही कला मूळची आपली नव्हे. जर्मनींतील मेर्कलिन या कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापांच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. इंग्लंडांत पुढें या छंदास निराळें वळण लागलें. जॉन अहर्न यांनीं १९४० च्या अगोदरच 'मॅडर व्हॅली' नांवाची एक संपूर्ण कल्पित रेल्वे उभारावयास घेतली. ती रेल्वे कोणत्याहि नकाशावर सांपडणार नाहीं. तरी इंग्लिश खेडें कसें असतें हें जाणणारास ती ओळखीची वाटते. ती आज ऑक्सफर्डशायरांतील पेंडन संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. आपल्याकडे पुण्यास कोथरुडांत १९९८ पासून जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय आहे. मुलांना घेऊन ते एकवार अवश्य पाहावें.

प्रथम प्रमाणाचा प्रश्न सोडवावा. जगांत सर्वांत अधिक प्रचारांत असलेलें प्रमाण ८७ स १, म्हणजे खऱ्या एका फुटास साडेतीन मिलिमीटर. या प्रमाणाचे जे रूळ बाजारांत मिळतात त्यांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें, व तें युरोपांतील ४ फूट ८½ इंची मार्गाचें रूप होय. आपला ब्रॉडगेज मार्ग ५ फूट ६ इंचांचा. त्यास सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. अर्थात् तयार रूळ आपल्या मोठ्या गाडीस अरुंद पडतात. परंतु २ फूट ६ इंची नॅरोगेज मार्ग घेतला तर त्याच हिशेबानें पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि नऊ मिलिमीटरांचे रूळ सहज मिळतात. उरलेला पाव मिलिमीटर कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणजे आपल्या देशांतील धाकटी गाडीच या छंदास अधिक खरेपणानें साधते.

या धाकट्या गाडीचें उत्तम उदाहरण आपल्या घरचेंच आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज एंजिनिअरनें काढलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ सालीं ती पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोंचली. १९५४ सालीं सरकारनें ती ताब्यांत घेतली. कॅल्थ्रॉपचा सिद्धान्त मोठा विचार करण्यासारखा होता. कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं; एंजिनाचें वजन पुष्कळ आंसांवर वांटावयाचें; डबेहि त्याच मर्यादेंत बांधावयाचे. असें केलें म्हणजे वारास तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात, पूल हलके होतात, आणि ज्या मुलुखांत पीक बेताचें व पैसा त्याहून बेताचा, त्यालाहि रेल्वे परवडते. डब्यांचे सांगाडे त्यानें पंचवीस फूट लांबीच्या एकाच नमुन्याचे केले. आमच्या प्रमाणांत असा डबा साडेसत्त्याऐंशी मिलिमीटरांचा होतो. एंजिन व तीन डबे धरून सगळी गाडी सुमारें पंधरा इंचांत बसते.

या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्यानें ब्रॉडगेज झाला आणि जुने रूळ उचलले गेले. तक्रार करण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं; लोकांची सोयच झाली. तथापि जी वस्तु आतां जाऊन पाहतां येत नाहीं ती स्मरणांतून पुन्हां उभी करण्यांत निराळें मोल आहे.

आतां कोणी विचारील कीं, एखाद्या खऱ्या स्थानकाचीच प्रतिकृति कां करूं नये? कारण जागेचें आहे. एक मैल लांबीचा मार्ग या प्रमाणांतहि साठ फुटांहून अधिक जागा व्यापतो. चार फूट लांब व एक फूट रुंद फळी घेतली तर तिच्यावर खरी भूमि जेमतेम साडेतीनशें फूट बसते. तेवढ्यांत खरें स्थानक कोंबावयाचें म्हणजे त्याचे हातपाय तोडावे लागतात. कल्पित हॉल्ट मात्र पहिल्यापासून फळीच्या बेतानें आंखतां येतो. शिवाय हॉल्ट म्हटला म्हणजे तेथें सिग्नल नको, स्टेशनमास्तर नको. पुष्कळ हॉल्टांवर तिकिटें देखील कमिशनवर नेमलेला ठेकेदार विकतो. शंभर फुटांचा बसका फलाट, चौदा इंचांत होणारा. एक पत्र्याची शेड. एक नांवाची पाटी. हवा तर मालाच्या डब्यांसाठीं एक सांधा व एक आंधळा फांटा. नवशिक्यानें याहून अधिक पसारा मांडूं नये.

परंतु कल्पित याचा अर्थ मन मानेल तसें, असा नव्हे. गाडी येथें कां थांबते, या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून एकहि खिळा ठोकूं नये. समजा, आपण नांव ठेवलें 'चिंचओढा रोड'. जुन्या रेल्वेंत नांवापुढें 'रोड' लागला म्हणजे गांव रुळांपासून दूर आहे व तेथें जावयास रस्ता धरावा लागतो, असें समजावयाचें. बार्शी रोडचेंहि तसेंच. तेव्हां आपल्या फळीवर गांव दिसतां कामा नये. दिसावा तो गांवाकडे जाणारा गाडीरस्ता, त्यावरील चाकोऱ्या, आणि गाडीची वाट पाहत चिंचेच्या सावलींत सोडलेली एखादी बैलगाडी. ओढ्याचें नांव घेतलें तर ओढा पाहिजे, ओढा आला म्हणजे लहानशी मोरी पाहिजे, आणि मोरी आली म्हणजे रुळांचा भराव थोडा उंच पाहिजे. अशा रीतीनें एका नांवांतून सगळी भूमि आपोआप उलगडत जाते.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणें करावें. नऊ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडखालीं लाकडी चौकट द्यावी, म्हणजे पावसाळ्यांत फळी वांकत नाहीं. रुळांखालीं बुचाचा पातळ पत्रा चिकटवावा. त्यानें आवाज कमी होतो. एंजिनास बारा व्होल्टची एकमार्गी वीज दोन्ही रुळांतून मिळते, तेव्हां रूळ वारंवार पुसून स्वच्छ ठेवावेत. गाडी अडखळते ती बहुधा धुळीमुळें. खडीसाठीं वाळू बारीक चाळणीनें चाळून रुळांमध्यें पसरावी, तिच्यावर पाणी शिंपडावें, आणि पाणी घालून पातळ केलेल्या सुतारी डिंकांत साबणाचा एक थेंब टाकून तो थेंबाथेंबानें सोडावा. साबणामुळें डिंक वाळूवर न थबकतां आंत मुरतो. बाभळीसाठीं घाणेरीच्या वाळलेल्या काटक्या व रंगविलेला भुसा पुरतो. फळीचें एक टोंक झाडीआड ठेवून त्यापलीकडे साधी फळी जोडावी; गाडी तेथें दृष्टीआड होऊन थांबते आणि थोड्या वेळानें परत येते. विकत घ्यावयाचें काय तें एंजिन, रूळ आणि वीज देणारी पेटी. बाकीचें घरांतल्या टाकाऊ जिनसांतून होतें.

रंग देण्यापूर्वीं ऋतु व वर्ष ठरवावें. सोलापुराकडील काळ्या जमिनींत शाळू रब्बीचा. तो पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात. म्हणून आषाढीच्या गर्दीशेजारीं उभी कणसें दाखविलीं तर कोणीहि शेतकरी हंसेल. उलट माघी वारी घेतली तर शाळू भरांत असतो, हुरड्याचे दिवस असतात, आणि रानांत माणसें असतात. जुन्या कुंच्याचे केंस दोन सेंटिमीटर उंचीचे कापून रोवले कीं तें शेत उभें राहतें. त्यांत साडेपांच फूट उंचीचा माणूस एकोणीस मिलिमीटरांचा होतो. त्याहून मोठीं चित्रें स्वस्त मिळालीं तरी घेऊं नयेत.

वर्षाची निवड मात्र अधिक जपून करावी, कारण तेथें नुसत्या मापांनीं भागत नाहीं. समजा, आपण १९३५ साल घेतलें. तो काळ सुंदर होता असें म्हणण्याचा मोह आपल्यासारख्या घरांना फार होतो. धुराचें एंजिन, डोक्यावर गांठोडें घेतलेले वारकरी, कंदील घेतलेला गार्ड, एवढें मांडलें कीं चित्र पुरें झालें असें वाटतें. पण त्या काळीं मोठ्या स्थानकांवर हिंदूंचें पाणी निराळें व मुसलमानांचें निराळें असे. आणि ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना तर सार्वजनिक पाणवठ्यावर घागर भरण्याचीहि बंदी असे. आपल्या चिंचओढ्याच्या हॉल्टाशेजारीं आपण विहीर काढणार. तिच्या कांठावर कोण उभा आहे आणि ओंजळ पुढें करून दूर कोण उभा आहे, हें आपणांस ठरवावें लागेल. विहीर काढून हा प्रश्न टाळला, तर डब्याचें माप अर्ध्या मिलिमीटरापर्यंत बरोबर ठेवणारा हात माणसांच्या बाबतींत खोटा ठरतो. आमचें मत असें कीं, ते चित्र दाखवावें. नात विचारील, 'आजोबा, हा माणूस लांब कां उभा आहे?' त्या प्रश्नास सरळ उत्तर देण्याचा प्रसंग घरांत येणें, हाहि या उद्योगाचा लाभच समजावा. पाठ्यपुस्तकांतील धड्यानें जें होत नाहीं तें एकोणीस मिलिमीटरांच्या चित्रानें कधीं कधीं होतें.

ज्यांना एवढें जड वाटेल त्यांनीं आजचें साल घेऊन आजचा हॉल्ट करावा. तोहि तितकाच मोलाचा आहे, आणि पन्नास वर्षांनीं तोच जुना होईल. जुना काळ घ्यावयाचा तर तो सबंध घ्यावा, एवढेंच आमचें सांगणें.

आरंभ करूं इच्छिणारांस शेवटीं एक सूचना करतों. एंजिन विकत घेण्यापूर्वीं घरांतील अगर शेजारांतील ज्या वृद्धांनीं नॅरोगेजनें प्रवास केला असेल त्यांच्याजवळ वही घेऊन बसावें. डब्याचीं बाकें कशीं होतीं, गाडी चढावर किती मंद होई, उतरल्यावर गांवास कसें जात, पाणी कोठें पीत, हें सर्व त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावें. फळी, डिंक आणि रूळ पुढल्या वर्षींहि मिळतील. ही माहिती देणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.