एकच यादी, दोन वाटा: कातकरी आणि महादेव कोळी यांच्या तुलनेतून काय दिसते?

स्वारगेटच्या एसटी स्थानकातून भोर आणि वेल्ह्याकडे बस सुटतात. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. घाट उतरून महाड आणि कोकणात जाणाऱ्या गाड्याही येथूनच मिळतात. या रस्त्यांच्या आजूबाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, कातकऱ्यांच्या छोट्या वाड्या आहेत. जुन्नर, घोडेगाव, भीमाशंकरकडे जायचे असेल, तर पुणेकर वाकडेवाडीचे स्थानक गाठतात. तो महादेव कोळ्यांचा मुलूख. दोन्ही समाज थोड्याफार संख्येने एकमेकांच्या भागातही राहतात. दोन्ही सह्याद्रीतले, दोन्ही आदिवासी आणि सरकारी यादीत दोघांपुढे एकच शब्द: अनुसूचित जमाती.

प्रश्न असा की, यादी एक असली तरी दोघांची परिस्थिती एक आहे का? नसेल, तर दोघांना एकच योजना, एकच निकष आणि एकच टक्केवारी लावून काय साधते?

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के होती. त्यात महादेव कोळी सुमारे १४ लाख ६० हजार आणि कातकरी (यादीतील नाव काथोडी) सुमारे २ लाख ८५ हजार. पहिला समाज राज्यातील मोठ्या जमातींपैकी एक आहे. दुसरा केंद्र सरकारच्या ‘विशेष असुरक्षित आदिवासी गटां’त येतो. देशात असे ७५ गट आहेत. महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

म्हणजे सर्व जमाती एका पायरीवर नाहीत, हे सरकारलाही मान्य आहे. तरीही बातम्यांत, भाषणांत आणि अनेक अहवालांत ‘आदिवासींची साक्षरता’, ‘आदिवासींचे उत्पन्न’ अशी एकत्र सरासरी दिली जाते. १४ लाखांचा आणि पावणेतीन लाखांचा समाज एकाच सरासरीत घातला, की लहान समाजाची अवस्था त्या आकड्यात दिसेनाशी होते.

फरक कुठून आला?

याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे. महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर भातखाचरे करत आले. इंग्रजी राजवटीत सावकारांनी त्यांच्या जमिनी गिळायला सुरुवात केली, तेव्हा राघोजी भांगरे यांनी बंड केले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या लढ्याच्या मुळाशी जमीन होती, कारण या समाजाच्या हातात गमावण्यासारखी जमीन होती.

कातकऱ्यांचे जगणे जंगलावर होते. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा व्यवसाय आणि त्यावरूनच समाजाचे नाव पडले. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारी ताबा घट्ट केला आणि खैर तोडणे गुन्हा ठरू लागले. व्यवसाय गेला आणि शेती तर मुळात नव्हतीच. मग कोळसा पाडणे, लाकूडफाटा विकणे, मासेमारी, जमीनदाराच्या शेतावर राबणे आणि पुढे वीटभट्टी अशी वाट लागली.

स्वातंत्र्यानंतर आदिवासींची जमीन वाचवण्यासाठी चांगले कायदे झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजासहजी घेता येत नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला ही मोठी ढाल आहे. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याच्यासाठी या कायद्यात वाचवण्यासारखे काही उरत नाही.

महादेव कोळी सुखात आहेत का?

नाहीत, आणि या तुलनेचा अर्थ तसा काढला जाऊ नये. पावसावरचे एक पीक, हिरड्याचे बेभरवशाचे उत्पन्न आणि उरलेले महिने नारायणगाव-मंचर पट्ट्यातील बागायतदारांकडे मजुरी, असे आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातील अनेक कुटुंबांचे वर्ष असते. डिंभे धरणाने या समाजाची गावे उठवली. जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोडली. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा जीव गेला.

पण संकटानंतर उभे राहण्यासाठी या समाजाकडे काही आधार आहेत. गावात घर आहे. थोडी का होईना, जमीन आहे. शिकलेली एक-दोन पिढ्यांची माणसे शिक्षक, तलाठी, पोलीस म्हणून नोकरीत आहेत. मधुकर पिचड यांच्यासारखे नेते याच समाजातून येऊन राज्याचे आदिवासी विकासमंत्री झाले. कातकरी समाजाला राज्याच्या सत्तेत असे वजन अजून मिळालेले नाही.

नकाशाचाही फरक पडतो

ज्या भागात आदिवासींची वस्ती दाट आहे, तो भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार ‘अनुसूचित क्षेत्र’ म्हणून जाहीर होतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो आणि ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज, स्थानिक साधनसंपत्ती याबाबत विशेष अधिकार मिळतात. पुणे जिल्ह्यात हे क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील गावांत आहे. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही घोडेगावला आहे. भोर, वेल्हे, मुळशी या तालुक्यांतील कातकरी वाड्या या क्षेत्राबाहेर राहतात.

घाटाखाली रायगड जिल्ह्यात तर आणखी विचित्र स्थिती आहे. २०११ मध्ये तेथील ११ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. कातकऱ्यांची मोठी वस्ती याच जिल्ह्यात. पण रायगड पाचव्या अनुसूचीत नाही आणि जिल्ह्यातील सात विधानसभा मतदारसंघांपैकी एकही अनुसूचित जमातीसाठी राखीव नाही. वाड्या विखुरलेल्या, प्रत्येक गावात थोडी थोडी घरे. त्यामुळे ग्रामसभेतही बहुमत होत नाही आणि मतपेटीतही वजन पडत नाही.

दाखला एकच, चिंता वेगळ्या

महादेव कोळी समाजात सध्या सर्वांत तापलेला विषय कोणता, असे विचारले तर उत्तर मिळेल: बोगस दाखले. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन इतरांनी जमातीचे दाखले मिळवले आणि नोकऱ्या घेतल्या, ही तक्रार जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ च्या निकालात अशा दाखल्यावर मिळवलेली नोकरी आणि प्रवेश टिकणार नाही, असे स्पष्ट केले. समाजाचा हा लढा रास्त आहे.

कातकरी वाडीवर चिंता वेगळी असते. तेथे अनेकांकडे दाखलाच नसतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. ज्यांच्या आजोबांचे नाव शाळेच्या हजेरीपटावर नाही आणि कुठल्या सातबाऱ्यावरही नाही, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती अडते, शिष्यवृत्ती नाही म्हणून शाळा सुटते आणि शाळा सुटली की पुढच्या पिढीलाही पुरावा राहत नाही. ७ टक्के आरक्षणाच्या जागेवर दोन्ही समाजांचा हक्क कागदोपत्री सारखा. प्रत्यक्षात त्या रांगेत उभे राहण्याइतके शिकलेले कातकरी तरुण किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

घर आहे, पण जागा कोणाची?

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी झारखंडमधील खुंटी येथून ‘पीएम-जनमन’ अभियान सुरू झाले. विशेष असुरक्षित गटांसाठी तीन वर्षांत सुमारे २४ हजार कोटी रुपयांची ही योजना आहे. पक्की घरे, रस्ते, नळाचे पाणी, वसतिगृहे, फिरते दवाखाने असे तिचे स्वरूप. कातकऱ्यांसाठी इतक्या मोठ्या तरतुदीची योजना प्रथमच आली आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे.

अडचण घराच्या खालच्या जागेची आहे. अनेक कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत. पूर्वी जमीनदाराला राबणारी माणसे हवी होती, म्हणून त्याने शेताच्या कडेला झोपडी बांधू दिली. पुण्या-मुंबईच्या आसपास फार्म हाऊस आणि सेकंड होमची मागणी वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि तीच वाडी मालकाला अडथळा वाटू लागली. जमीन विकली जाते, तेव्हा व्यवहाराच्या कागदावर वाडीचा उल्लेखही नसतो. जागा नावावर नसेल तर घरकुल मंजूर होऊनही बांधता येत नाही. जागा खरेदीसाठी सरकारी मदत मिळते, पण मुळशी-मावळच्या आजच्या भावात ती कितीशी पुरणार?

उपाय कायद्यात आहे. महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात आणि वस्तीला गावठाणाचा दर्जा मिळू शकतो. कूळ कायद्यातही शेतमजुराच्या घराच्या जागेला संरक्षण आहे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. तहसीलदार, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत एका दिवशी वाडीवर गेले, मोजणी झाली, तर काम सुरू होते.

जगात काय दिसते?

अलास्कातील इनुपिआत हा आर्क्टिक किनाऱ्यावर व्हेलची शिकार करून जगणारा समाज. तेल सापडल्यावर अमेरिकेने १९७१ मध्ये अलास्काच्या मूलनिवासींशी जमिनीचा हिशेब मिटवला. सर्व मूलनिवासी गटांच्या कंपन्यांना मिळून सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. इनुपिआतांच्या उत्तर भागातील स्थानिक सरकार तेल कंपन्यांच्या मालमत्तेवर कर लावू शकते. त्यांचे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. विमानाने येणारा किराणा प्रचंड महाग असतो. पण बोलणी करताना त्यांच्या हातात मालकीचा कागद असतो.

थायलंडमध्ये उलटे चित्र दिसते. देश म्हणून थायलंडने गरिबी खूप कमी केली. पण उत्तरेकडील डोंगरात राहणाऱ्या करेन, अखा, लाहू अशा समाजांतील अनेकांकडे वर्षानुवर्षे नागरिकत्वाचा कागदच नव्हता. देशाची सरासरी वर गेली तरी हे लोक तिच्याबाहेर राहिले. २०२४ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने दीर्घकाळ राहणाऱ्या ४ लाख ८० हजारांहून अधिक जणांना कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व देण्याची प्रक्रिया सोपी करण्याचा निर्णय घेतला.

दोन्ही उदाहरणे आपल्या सह्याद्रीलाही लागू पडतात. समाजाची मासिक कमाई किती, एवढेच मोजून भागत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि ओळखीचा कागद कोणाकडे आहे, हेही मोजावे लागते.

वेगळे मोजल्याने आदिवासींत फूट पडेल का?

ही भीती अनेक कार्यकर्ते व्यक्त करतात आणि ती निराधार नाही. संख्या हीच राजकारणात ताकद असते. सरकार एका जमातीला दुसरीविरुद्ध उभे करून दोघींचाही वाटा कमी करू शकते. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट हवी: कातकऱ्यांना जे द्यायचे, ते महादेव कोळ्यांच्या ताटातून काढून देण्याची गरज नाही. घराखालची जागा, जातीचा दाखला, भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी शाळा यांपैकी एकाही गोष्टीने दुसऱ्या जमातीची एकही नोकरी जात नाही. उलट संघटनेचा, निवेदनांचा आणि न्यायालयीन लढ्याचा अनुभव असलेल्या समाजाने पुढे होऊन हा प्रश्न मांडला, तर एकजूट अधिक खरी होईल.

आत्ताच का?

कारण जनगणना तोंडावर आहे. २०११ नंतरची ही पहिली जनगणना आहे आणि तिच्यातील प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. फेब्रुवारीत कातकरी वाड्यांवर काय असते, हे त्या भागात फिरणाऱ्या कोणालाही विचारा. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा भट्ट्यांवर जातात. कोणी पनवेल-कल्याणच्या बाजूला, तर कोणी थेट कर्नाटकात. वाडीवर म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेली दारे उरतात. ही माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर.

नियमाप्रमाणे माणूस जेथे असेल तेथे त्याची नोंद व्हायला हवी. पण भट्टीवरच्या तात्पुरत्या खोपटापर्यंत प्रगणक पोहोचला नाही आणि मालकाने मजुरांची संख्या कमी सांगितली, तर पुढची अनेक वर्षे कातकऱ्यांसाठीची प्रत्येक योजना चुकीच्या आकड्यावर उभी राहील. पुणे, रायगड, ठाणे आणि पालघरच्या प्रशासनाने भट्ट्यांच्या याद्या आताच तयार कराव्यात. काथोडी बोली समजणारे तरुण सोबत घ्यावेत. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. या कामात तिने पुढाकार घ्यायला हरकत नाही.

सरासरी काढणे सोपे असते, पण ती काढण्याआधी प्रत्येकाची मोजणी व्हावी लागते. फेब्रुवारीत प्रगणक कुलूपबंद वाडीवरून परत फिरतो की भट्टीपर्यंत जातो, यावर कातकऱ्यांच्या पुढच्या दशकातील बरेच काही ठरणार आहे.