पडद्यावरच्या घरात आपलं घर कुठं आहे?



मुलाच्या शाळेत यंदा स्नेहसंमेलनात छोटं नाटक होतं. सावकाराचं काम आमच्या चिरंजीवांना मिळालं. का, तर "तुमचं दुकानच आहे, त्याला जमेल." डोक्यावर टोपी, हातात वही आणि तोंडात सारखं 'व्याज, व्याज'. लोक पोट धरून हसले, मीही हसले. रात्री अंथरुणात त्यानं विचारलं, "आई, आपण वाईट असतो का गं?"

तेव्हापासून मनात घोळतंय. सरांनी तो सावकार मनानं थोडाच घडवला होता? सिनेमातला शेठजी आपण सगळ्यांनी लहानपणापासून असाच पाहिलाय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जैन सुमारे १४ लाख होते. त्यांत कोल्हापूर-सांगलीकडे नांगर धरणारे कितीतरी आहेत. गरिबांच्या मुलांसाठी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटीलही जैनच. पण पडद्यावर येते ती वही आणि टोपी.

कौटुंबिक सिनेमे आता बदललेत, हे मान्य करायला हवं. 'झिम्मा'मध्ये (२०२१) वेगवेगळ्या वयाच्या सात बायका घर मागे ठेवून इंग्लंडला फिरायला जातात. 'बाईपण भारी देवा'मध्ये (२०२३) दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. बाईचं वय, तिचं दुखणं, तिचा हट्ट, सगळं त्यात आलं. आपल्या घरासारखं घर मात्र मला अजून त्यांत दिसलेलं नाही.

जाऊबाई म्हणतात, "अगं, आपल्या घरातलं दाखवलं तर बाकीच्यांना काय कळणार?" मला हे पटत नाही. आपल्याकडं कुठं मंगळागौर असते? तरी त्या सहा जणी नाचल्या तेव्हा सासूबाईंनी पदरानं डोळे पुसलेच की! बहिणींचा अबोला कुठल्याही घरात कळतो.

आणि गंमत काय आपल्या घरात कमी आहे? सूर्य मावळतीला आलाय, पाहुणे गेवराईच्या पुढं कुठंतरी अडकलेत, सासूबाई घड्याळाकडं बघतायत, मी तव्यावर पोळी टाकतेय आणि मुलं गच्चीवरून ओरडतायत, "अजून दिसतोय, अजून दिसतोय!" यावर अख्खं थिएटर हसेल आणि आपणही हसू, कारण त्यात आपला अपमान नाही. माणसाच्या धांदलीवर हसणं वेगळं आणि त्याच्या जातीधर्मावर हसणं वेगळं.

आता थोडं स्वतःकडंही पाहते. 'नाच गं घुमा' (२०२४) घरी लावला होता. कामाला येणाऱ्या आशावर मी खूप हसले. भांडी घासून झाल्यावर आमच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या हसल्या ते मालकिणीच्या तारांबळीवर! मी गप्प झाले. माझ्या लेकाला जे लागलं, तेच मी त्यांच्या बाबतीत किती वर्षं करत आले असेन? अनेकांत म्हणजे काय, ते प्रवचनात इतकं नीट कळलं नव्हतं. त्या दिवशी मावशींना आत बोलावलं, खुर्ची दिली. उरलेला सिनेमा आम्ही तिघी सासू-सुना-मावशी एकत्र बसून पाहिला.

सिनेमावाल्यांकडं माझं मागणं एवढंच आहे. आमच्यातली बाई दाखवा तर तिला नाव द्या, स्वभाव द्या, एखादी चूकही करू द्या. ती देवासारखी नको आणि सावकारीणही नको.

आणि लेकाला मी सांगितलं, "वाईट नाही रे आपण. आपली गोष्ट अजून कुणी नीट सांगितली नाही. मोठा झालास की तू सांग." तो म्हणाला, "मग त्यात मी सूर्य होणार. सगळे माझ्याकडंच बघतील!"

तुमच्या घरातला असा कोणता प्रसंग पडद्यावर यावा असं तुम्हाला वाटतं? नक्की कळवा.

जय जिनेंद्र!