प्रवेशाची यादी लागते, पैशाची कधी लागणार?



मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशावर याने कशाला लिहावे, असे कुणालाही वाटेल. पण आपल्या चौथीतून गेलेली मुले दहा-बारा वर्षांनी मोबाईल घेऊन परत आपल्याकडेच येतात. "सर, ही यादी लागली, आता काय करू?" गावात विचारायला दुसरे कोण असते? म्हणून लिहितो आहे.

जालना जिल्ह्यात दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणारी मुले बरीच आहेत. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी वेगळी सीईटी नाही, डिप्लोमाचे मार्क धरले जातात. गरीब घरातल्या हुशार पोराला इंजिनिअर व्हायचा हा चांगला रस्ता आहे. पण या रस्त्यावर थांबावे फार लागते. निकाल, ऑनलाईन नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, कॉलेजांचे पर्याय भरणे आणि मग एकेक फेरी. तोवर कॉलेजात दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झालेले असतात. आधीच डिप्लोमावाल्यांना डिग्रीचे गणित जड जाते, त्यात सुरुवातीचे तास बुडतात.

तरीही प्रवेशाच्या वाट पाहण्याला एक शिस्त आहे, हे मान्य केले पाहिजे. वेळापत्रक जाहीर होते. कधी तारखा पुढे सरकतात, पण यादी लागते आणि आपला नंबर कळतो. खरी अडचण दुसऱ्या वाट पाहण्यात आहे, ती म्हणजे शिष्यवृत्तीची. प्रवेश पक्का झाल्यावर महाडीबीटीवर अर्ज करायचा. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली की परत आपल्याकडे. मंजूर झाला तरी पैसे खात्यात कधी पडतील, हे कुणी सांगू शकत नाही. एका वर्षाचा हप्ता पुढच्या वर्षी मिळाल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

आता हे आपल्या भागातल्या घराच्या हिशोबाला लावून बघा. प्रवेशाच्या फेऱ्या चालतात त्या पावसाळ्यात. तेव्हा घरातला पैसा बियाणे, खत आणि फवारणीत गेलेला असतो. कापसाचा पैसा हातात येतो दसरा-दिवाळीनंतर. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडची जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांना मुकादमाची उचल मिळते तीही तेव्हाच्या आसपास. म्हणजे कॉलेज पैसे मागते तेव्हा घरात पैसे नसतात आणि सरकारचे पैसे येतात तेव्हा कर्ज होऊन गेलेले असते. मधले व्याज कोणत्या योजनेत बसते?

याचा परिणाम थेट मुलाच्या निर्णयावर होतो. पहिल्या फेरीत जवळचे साधे कॉलेज मिळाले. पुढच्या फेरीत पुण्याचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे चांगले कॉलेज मिळायची आशा आहे. मार्क सांगतात, थांब. बाप सांगतो, "बाबा, मिळालंय ते घे. तिकडं खोलीचं भाडं कोण भरणार?" माझ्या माहितीतल्या एका मुलीने याच कारणाने पुढची फेरी सोडली. तिला मार्क कमी नव्हते. खोली आणि मेसचे पैसे मिळतील की नाही, हे फेरीच्या दिवशी तिला कळायला मार्ग नव्हता. एक मुलगा तर वर्षभर पैसे साठवू म्हणून स्टीलच्या कारखान्यात लागला. तो आजही तिथेच आहे. कामात कमीपणा काहीच नाही, पण त्याने ते ठरवून निवडले नव्हते.

योजना नाहीत असे कुणी म्हणू नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, बाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी स्वाधार आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढून आठ लाखांच्या आतल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. हे मोठे काम झाले. पण माफी कागदावर असणे आणि प्रवेशाच्या खिडकीवर ती लागू होणे यात अंतर राहते. शिवाय फी माफ झाली तरी मेसवाला महिन्याच्या महिन्याला पैसे मागतोच.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रवेशाचा निर्णय आणि मदतीचा निर्णय एकाच दिवशी कळला पाहिजे. हे अशक्य नाही. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला शिक्षण शुल्क माफीच्या ज्या पाच टक्के जागा असतात, त्या प्रवेश फेरीतच वाटल्या जातात. जागा मिळाली त्याच दिवशी मुलाला कळते की शिक्षण शुल्क माफ आहे. मग बाकीच्यांना का कळू नये? जातीची, उत्पन्नाची कागदपत्रे प्रवेशाच्या वेळी तपासली जातातच. तीच कागदपत्रे दोन महिन्यांनी दुसऱ्या पोर्टलवर पुन्हा कशासाठी?

काही जण म्हणतील, तपासणी नको का? खोटे दाखले देणारेही असतात. तपासणी हवीच. पण ती पैसे देण्याच्या आधी एकदा आणि ठरलेल्या मुदतीत व्हावी. मुदत विद्यार्थ्याला आहे, तशी कार्यालयालाही असावी. विद्यार्थ्याची शेवटची तारीख चुकली तर अर्ज जातो. कार्यालयाची चुकली तर काहीच होत नाही.

शासनाकडे मागणी करू तेव्हा करू. पण यात प्राथमिक शिक्षकाचे एक काम आहे आणि ते आपल्या टेबलावरच आहे. पहिलीच्या प्रवेशावेळी जनरल रजिस्टरमध्ये आपण जे नाव, जन्मतारीख आणि जात लिहितो, ती नोंद त्या मुलाच्या मागे आयुष्यभर चालते. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरे असेल, तर अठराव्या वर्षी अर्ज तिथेच अडकतो. जातवैधतेसाठी तर वडिलांच्या, आजोबांच्या शाळेतला उतारा शोधावा लागतो. २०२३ नंतर मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधताना शाळांची जुनी रजिस्टरे किती महत्त्वाची ठरली, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती. चौथी-पाचवीचा दाखला देण्याआधी पालकांना बोलावून नोंद मोठ्याने वाचून दाखवा. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते, शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते.

आणि पालकांना विनंती. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, नवा एप्रिल-मेमध्येच काढा. जातवैधतेचा अर्ज अकरावीत किंवा डिप्लोमाच्या मधल्या वर्षात करून टाका. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते बँकेत जाऊन विचारा. भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रिंट फाईलला लावा.

यामुळे वाट पाहणे संपणार नाही. पण निदान आपल्या कागदामुळे कुणाचा अर्ज परत येणार नाही. उरलेला उशीर कुणाचा आहे, हे मग आपण ठामपणे विचारू शकू.